लांडगे तीनदा आले, मग गॉब्लिन: एन्काउंटर टेबलांसोबतचे आठ महिने

मी घरच्यांना-मित्रांना डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळवतो: ते एकेक पात्र चालवतात, मी गोष्ट सांगतो, आणि वाटेत अचानक कोण भेटेल हे फासे टाकून एका यादीवरून, म्हणजे एन्काउंटर टेबलावरून ठरतं. पहिल्याच महिन्यात एका सेशनमध्ये लांडगे तीनदा आले. सकाळी लांडगे, दुपारी लांडगे, रात्री शेकोटी विझत आली तेव्हा परत लांडगे. तिसऱ्या वेळी आमच्यात चोर खेळणारा माझा आत्तेभाऊ फासे खाली ठेवून म्हणाला, "काय बे, अक्कलकोटची एसटी आहे का ही? दर तासाला?" सगळे हसले. मीही हसलो, पण रात्री झोपेपर्यंत डोक्यात तेच होतं. पैसे मोजून घेतलेल्या पुस्तकातली ओळ होती, फासे इमानदारीने टाकले होते, आणि तरी खेळ सपशेल पडला होता.

त्याला आता आठ महिने झाले. मधल्या काळात दोन अधिकृत पुस्तकं, एक स्वस्तातली पीडीएफ, एक पत्त्यांचा डेक आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या नियमांचं एक पान, असं सगळं वापरून झालंय. नवे डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारे) विकत घेण्याआधी विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय.

आधी आमची बैठक सांगतो. जुळे सोलापूरला आमची गच्ची, एक आड एक रविवार. उन्हाळ्यात दिवस मावळल्याशिवाय गच्चीवर पाय ठेवता येत नाही, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये सेशन आठला सुरू होऊन साडेबाराला संपतात. खेळणारे चौघं: आत्तेभाऊ, घरचा यंत्रमागाचा कारखाना सांभाळणारा एक मित्र, सीएची आर्टिकलशिप करणारी मैत्रीण आणि तिचा अकरावीतला भाऊ. 'टेबल' म्हटलं की आमच्याकडे पहिल्यांदा हशा होतो, कारण टेबल नाहीच. आम्ही चादरीवर बसतो. आणि सोलापुरी चादरीवर फासा नीट लोळत नाही, जाड विणीत रुतून तिरका उभा राहतो. आता फासे स्टीलच्या ताटात टाकतो. शेजाऱ्यांना वाटतं रात्री अकराला हे लोक जेवतायत. (ते ताट आणि शेंगाचटणीचं ताट वेगळं ठेवा. अनुभवाने सांगतोय.)

आम्ही डन्जन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती खेळतो. तिच्या २०१४ च्या डन्जन मास्टर्स गाइडमध्ये यादृच्छिक भेटींवर मोजकीच पानं आहेत, पण मी आधी वाचायला हवी होती ती हीच. सगळ्यात साधा नियम असा: डी२०, म्हणजे वीस बाजूंचा फासा टाका, १८ किंवा त्याहून जास्त आलं तर भेट. म्हणजे शंभरात पंधरा. दिवसात तीनदा टाकलात तर किमान एक भेट होण्याची शक्यता चाळीस टक्क्यांच्या जरा खाली राहते. मी काय करत होतो? दर दोन तासांनी फासा, वर "काहीतरी व्हायला पाहिजे" म्हणून १५ आलं तरी भेट. लांडग्यांची एसटी मीच सोडली होती.

त्याच पुस्तकातली दुसरी गोष्ट त्याहून मोलाची आहे. स्वतःचं टेबल करायचं असेल तर डी१२ आणि डी८ यांची बेरीज घ्या, असं ते सुचवतं. बेरीज २ ते २० मध्ये येते. ९ ते १३ या पाच आकड्यांना प्रत्येकी ९६ पैकी ८ संधी, आणि २ ला किंवा २० ला ९६ पैकी फक्त एक. म्हणजे मधल्या ओळींत त्या मुलखातलं रोजचं, कडेच्या ओळींत क्वचितचं. मुलूख कसा आहे हे टेबलच सांगायला लागतं. डी१०० च्या सपाट यादीत हे जमतं, पण त्यासाठी कुठल्या ओळीला किती आकडे द्यायचे याचा हिशोब तुम्हाला करावा लागतो. बेरीज तो हिशोब फुकट करून देते.

दुसरं पुस्तक झॅनाथर्स गाइड टू एव्हरीथिंग, २०१७ चं. त्यात जंगल, वाळवंट, दलदल, डोंगर, शहर, अगदी पाण्याखालचं जगसुद्धा, अशी प्रदेशवार आणि पात्रांच्या लेव्हलनुसार मोठमोठी डी१०० टेबलं आहेत. ऐनवेळी खेळाडू नकाशाबाहेर गेले तर हा आधार आहे, आणि तो मी पुष्कळदा घेतलाय. पण बहुतेक ओळींत मिळतं काय, तर किती आणि कोण. ते तिथे का आहेत, काय करतायत, हे तुमचं तुम्ही बघायचं. मधेमधे राक्षसाऐवजी एखाद्या जागेचं किंवा खुणेचं वर्णन करणाऱ्या ओळी आहेत, त्या मला सगळ्यात जास्त उपयोगी पडल्या. बाकी कोणी विचारलं की फक्त टेबलांसाठी घेऊ का, तर मी नको म्हणतो. त्यात पात्रांसाठीचे पर्यायही भरपूर आहेत, ते हवे असतील तर घ्या.

स्वस्तातल्या पीडीएफचं नाव लिहीत नाही, कारण अशा पुष्कळ आहेत आणि सगळ्यांची तऱ्हा एकच. पानोपान टेबलं, प्रत्येकाच्या पाठी जुन्या चर्मपत्राचं तपकिरी चित्र. कृष्णधवल प्रिंट काढली तर अक्षरं त्या तपकिरीत बुडाली. झेरॉक्सवाले काका पान उजेडात धरून म्हणाले, "पोथी आहे का ही? मूळ प्रत आणा की." रंगीत प्रिंट काढायचा खर्च पीडीएफच्या किमतीपेक्षा जास्त होत होता. आतला मजकूरही तसाच: शंभर ओळी दिल्यात म्हणून खूष व्हावं तर तीसेक ओळींत "गुपित असलेला व्यापारी" वेगवेगळ्या टोप्या घालून येतो. शिवाय सगळीकडे पाईनची झाडं, बर्फ, धुकं. मे महिन्यात गच्चीवर घाम पुसत "तुमच्या दाढीवर बर्फ साचलाय" म्हणणाऱ्या माणसाकडे खेळाडू कसे बघतात, हे एकदा अनुभवाच.

आता मुद्द्याचं. लांडगे तीनदा का कंटाळवाणे झाले, याचं उत्तर मला जुन्या नियमांत सापडलं. हा खेळ १९७४ चा. सुरुवातीच्या काळात अनुभवाचे गुण, ज्यांवर पात्राची लेव्हल वाढते, ते मुख्यतः खजिन्याचे मिळायचे, मारामारीचे किरकोळ. १९८१ च्या बेसिक नियमांत, टॉम मोल्डव्हे यांनी संपादित केलेल्या, भुयारात दर दोन टर्नला, म्हणजे वीस मिनिटांनी, डी६ टाकायचा आणि १ आला तर भटका राक्षस. त्याच्याकडे सहसा खजिना नसतो. म्हणजे ती भेट निव्वळ तोटा. मशाल सहा टर्न जळणार, दर तासाला भेटीचा धोका चाळीस टक्क्यांच्या वर. मग खेळाडू दार ठोठावत बसत नाहीत, लवकर आटपतात. भटका राक्षस हे वेळेचं भाडं होतं.

आमच्या आवृत्तीत ते भाडं कोणी भरतच नाही. आठ तास झोपलं, म्हणजे 'लांब विश्रांती' घेतली, की हिट पॉइंट (पात्रात किती जीव उरलाय तो आकडा) पूर्ण, मंत्र परत. प्रवासात दिवसाला एक भेट आली तर अकरावीतलं पोरगं सगळे मंत्र त्या एकाच लांडग्यावर उधळतं, कारण उद्या ते परत येणारच असतात. मी एक बदल केला: लांब विश्रांती फक्त गावात, छपराखाली. माळावर झोपलात तर ती छोटी विश्रांती, तिच्यात सगळं परत मिळत नाही. डन्जन मास्टर्स गाइडमध्ये याहून कडक पर्याय दिलाय, त्यात लांब विश्रांती सात दिवसांची, पण तेवढं आमच्या लोकांनी चालवून घेतलं नसतं. एवढ्या एका बदलाने फाशाचा आवाज आला की गच्ची गप्प व्हायला लागली.

आणि त्याच १९८१ च्या नियमांतली दुसरी चीज, जिच्यासाठी खरं तर हे सगळं लिहितोय: रिअ‍ॅक्शन रोल. कोण भेटलं ते ठरलं की दोन सहाचे फासे टाकायचे. २ आलं तर थेट हल्ला. ३ ते ५ वैर, हल्ला होऊ शकतो. ६ ते ८ म्हणजे त्यांचंच अजून ठरलेलं नाही. ९ ते ११ हल्ला करत नाहीत. १२ आलं तर चक्क दोस्ती. छत्तीसपैकी सोळा वेळा ते मधलं, "ठरलेलं नाही" येतं. म्हणजे पुढचं तुमच्या बोलण्यावर. पाच ओळींचं टेबल आहे, पोस्टकार्डावर मावेल. हेच नियम नव्याने मांडणाऱ्या ओल्ड-स्कूल इसेन्शियल्सची मूलभूत पीडीएफ फुकट मिळते, तिच्यातही ते आहे.

मी पहिल्यांदा वापरलं त्या रात्री गॉब्लिन, म्हणजे बुटके राक्षस, आले. रिअ‍ॅक्शन ९. बरं, हल्ला नाही, मग करतायत काय? मी "काय करतायत" अशी सहा ओळींची यादी वहीत करून ठेवली होती. फासा म्हणाला, काहीतरी जड ओढतायत. मी म्हटलं, लाकडाचा ओंडका.

यंत्रमागवाला मित्र लगेच म्हणाला, "ओंडका कशाला बे? बीम म्हण."

"कसला बीम?"

"मागाचा. ताण्याचं सूत गुंडाळलेला. एकट्याला हलत नाही तो. आणि खाली टेकवला की सूत खराब, म्हणून कडेने चालतायत ते."

गच्चीवर कोणीच तलवार काढली नाही. मैत्रीण विचारायला लागली, गॉब्लिनांना बीम कशाला, म्हणजे त्यांचा माग कुठेतरी आहे, मग माल जातो कुठे, बिल कोण करतं. मला यातलं काहीही माहीत नव्हतं. मी प्रत्येक उत्तर त्या क्षणी बनवत होतो आणि निम्मी उत्तरं तेच देत होते. पुढचे तीन सेशन त्या बीमवर गेले: डोंगराच्या पोटात गॉब्लिनांची मागशाळा, शहरातला एक शेठ जो त्यांच्या चादरी स्वतःच्या नावाने विकतो, आणि एक संप. चोराचं पात्र आता गॉब्लिनांच्या बाजूने मजुरीची बोलणी करतं. माझी मूळ मोहीम, पडका किल्ला आणि त्यातला शाप, अजून तशीच पडून आहे. तो किल्ला मी नळदुर्गावरून उचलला होता. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटातला पाणीमहाल ज्याने पाहिलाय त्याला भुयार विकत घ्यावं लागत नाही. जातील कधीतरी.

तोटाही सांगायला हवा. रिअ‍ॅक्शनमध्ये २ पण येतो. दुसऱ्या लेव्हलला एकदा ओग्र नावाच्या धिप्पाड राक्षसावर २ आला, मी फासा उघड ताटात टाकला होता, मागे घेता येईना. अकरावीतल्या पोराचा जादूगार दोन फटक्यांत गेला. तो रडला नाही, पण पुढच्या रविवारी "क्लास आहे" म्हणाला. क्लास नव्हता. तेव्हापासून मी भेट थेट समोर आणत नाही. आधी खूण: ठसे, वास, लांबून आवाज. वाट बदलायची संधी मिळते, आणि तरी पुढे गेले तर तो त्यांचा निर्णय. पोरगं परत आलं, आता त्याचं पात्र एक धर्मगुरू बाई आहे आणि ती कोणाच्याही पुढे चालत नाही.

चौथ्या महिन्यानंतर मी विकतची टेबलं बाजूला ठेवून माळरानाचं स्वतःचं केलं, डी१२ अधिक डी८ वालं, एकोणीस ओळींचं. राक्षसांचे आकडे शोधायला पैसे लागत नाहीत: पाचव्या आवृत्तीचा एसआरडी ५.१ हा मूळ नियमांचा दस्तऐवज जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली सगळ्यांना खुला आहे. मधल्या ओळींत मेंढरांचा कळप आणि त्याची कुत्री, उधळलेली काळविटं (म्हणजे मागून कोणीतरी येतंय), वावटळ, कोरडी विहीर, सुताची बैलगाडी. लांडगे आहेत, हो. पण आता त्या ओळीत लिहिलंय: मेंढरांच्या मागावर आहेत, तुमच्याशी देणंघेणं नाही. तेच लांडगे, तेच आकडे. मागच्या महिन्यात आले तेव्हा अर्धा तास गेला. लांडग्यांना हाकलायचं, धनगराला मदत करायची की गुपचूप एक मेंढरू पळवायचं, यावर भांडण झालं.

१९ व्या ओळीत एक कोरीव दगड आहे. हत्तरसंग कुडलला, भीमा-सीनेच्या संगमावर, शके ९४०, म्हणजे १०१८ चा मराठी शिलालेख आहे. त्याचा शेवट "वाछि तो विजेया होइवा" असा: वाचील तो विजयी होईल. माझ्या दगडावरही शेवटची ओळच वाचता येते. जो मोठ्याने वाचेल त्याला पुढचा एक फासा दोनदा टाकून चांगला घेता येतो. आतापर्यंत एकदाच आला. चोराने वाचलाच नाही, सापळा असेल म्हणून.

पत्त्यांच्या डेकबद्दल दोन वाक्यं. चित्रं सुंदर आहेत, पण गच्चीवर वारा सुटला की एन्काउंटर शेजारच्या अंगणात जातात. पावसाळ्यात खोलीत बसतो तेव्हाच काढतो.

विकत काय घ्यायचं म्हणाल तर, डन्जन मास्टर्स गाइड कोणाकडून तरी आठवडाभर मागून घ्या आणि टेबल बनवण्याचा भाग वाचा. रिअ‍ॅक्शनच्या पाच ओळी हाताने लिहून डीएमची टिपणं झाकणाऱ्या पडद्याच्या आतल्या बाजूला चिकटवा. "काय करतायत"ची यादी खेळाडूंच्या धंद्यांतून काढा. माझ्या यादीत आता "हिशोब जुळत नाही म्हणून भांडतायत" ही ओळ आर्टिकलशिपवालीने घातलीय आणि ती ओग्रांना फार शोभते.

टेबलातल्या २ वर माळढोक आहे. नान्नजचं अभयारण्य १९७९ सालचं, आणि तिथेही आता तो दिसणं म्हणजे नशीबच, म्हणून ९६ पैकी एक हे बरोबर वाटलं. ना हल्ला, ना खजिना. गवतातून मान वर करतो, बघतो, जातो. आठ महिन्यांत एकदाही आलेला नाही. आत्तेभाऊ दर वेळी विचारतो २ वर काय ठेवलंयस, ड्रॅगन का बे? मी सांगत नाही. रविवारी परत बसतोय, गॉब्लिनांना दुसरा बीम हवाय.