पद्मिनीची बॅटरी : अकरा महिन्यांनंतरचा अनुभव, आर्वीकडचा उन्हाळा धरून

आमच्याकडे बाबांची 1976 ची प्रीमियर पद्मिनी आहे, आर्वी तालुक्यात गावातच राहतो, गाडी रोज चालत नाही. पंधरा दिवसातून एखादवेळा आर्वी, महिन्यातून एकदा वर्धा, लग्नसराईत थोडी जास्त. बाकी वेळ उभीच. हे आधी सांगतो कारण बॅटरीची सगळी कथा या उभं राहण्यातच आहे, चालण्यात नाही, आणि हे समजायला मला एक अख्खी बॅटरी घालवावी लागली.

ती पहिली बॅटरी मागच्याच्या मागच्या जुलैत घेतली होती, सीलबंद, मेंटेनन्स फ्री म्हणतात ती. दुकानदार म्हणाला, "भाऊ, हे घेऊन जा, पाणी पाह्याचं कामच नाही." घेतली. सात महिन्यात गेली. फेब्रुवारीत सकाळी चावी फिरवली तर स्टार्टरचा नुसता टक आवाज, वळणच नाही. चार पोट्टे बोलावून धक्का मारला, सुरू झाली, संध्याकाळी परत तेच. वॉरंटीला घेऊन गेलो तर बॅटरी पूर्ण उतरेपर्यंत ठेवली म्हणून वॉरंटीत बसत नाही असं सांगितलं. मला राग आला, पण खरं सांगायचं तर त्यांचं त्या मुद्द्यावर चूक नव्हतं. शिसं-आम्लाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर पांढरा सल्फेटचा थर बसतो, तो सुरुवातीला चार्जिंगने निघते, महिनाभर राहिला की कडक होते आणि मग निघत नाही. माझी बॅटरी दर महिन्यात दोनदा तरी अशी उतरत होती, मला पत्ता नव्हता.

उतरत का होती ते शोधायला पंधरा दिवस गेले. आमच्याकडच्या इलेक्ट्रिशियनने निगेटिव्ह वायर काढून मधात टेस्ट लॅम्प लावला, लॅम्प पेटला नाही, म्हणाला, "काहीच लिकेज नाही भाऊ, बॅटरीच खराब निघाली." मला पटलं नाही. मल्टिमीटर आणला, निगेटिव्ह काढली, मीटर अँपिअरवर ठेवून वायर आणि टर्मिनलच्या मधात लावला, सगळं बंद, दरवाजे बंद, आणि आकडा आला 0.12 अँपिअर. एवढ्याशा करंटवर पाच वॅटचा बल्ब पेटतच नाही न, तार लाल पण होत नाही, म्हणून लॅम्पने फसवलं. आता हिशोब करा, 0.12 गुणिले 24 म्हणजे दिवसाला जवळपास 2.9 अँपिअर-अवर (किती करंट किती तास, याचं माप), बॅटरी 35 ची, बारा दिवसात पूर्ण रिकामी. पंधरा दिवस उभी राहणारी गाडी! मग एकेक फ्यूज काढत गेलो तरी आकडा हलेना, कारण चोर फ्यूजच्या आधीच बसला होता. कधीतरी बाजारात बसवलेला स्टिरिओ, त्याच्या अॅम्प्लिफायरची वायर थेट बॅटरीवरून घेतली होती. ती काढली आणि मीटर शून्यावर गेला. या गाडीत ना घड्याळ ना कॉम्प्युटर, म्हणून बंद गाडीत शून्यच यायला पाहिजे, थोडंफार चालते असं नाही.

म्हणून ज्यांची जुनी गाडी आहे आणि बॅटरी घ्यायला निघाले आहेत त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी हे माप घ्या. नाहीतर कोणत्याही कंपनीची घ्या, तीच गत होईल. डायनामो (चालत्या इंजिनावर बॅटरी भरणारा) असलेल्या गाडीत कटआउटचे, म्हणजे इंजिन बंद झालं की डायनामो बॅटरीपासून तोडणाऱ्या स्विचचे, पॉइंट पण बघून घ्या, ते चिकटले तर गाडी बंद असताना बॅटरी डायनामोतूनच उलटी उतरते आणि डायनामो तापते, ते तर तासांचं काम असते, दिवसांचं नाही.

आता नवी बॅटरी. फेब्रुवारीच्या शेवटी घेतली, 12 व्होल्ट 35 अँपिअर-अवर, झाकणं उघडणारी, पाणी टाकायची. जुनी देऊन 4200 पडले. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही कारण सगळे तेच विचारतात आणि मला वाटते फरक कंपनीचा कमी आणि प्रकाराचा जास्त. उघडणारी घेतली कारण आपल्याकडच्या उन्हात पाणी उडणारच, सीलबंद असली तर आत काय चाललंय ते दिसत नाही आणि हायड्रोमीटर (अॅसिड किती घट्ट ते मोजणारी नळी) पण टाकता येत नाही. शिवाय डायनामोचं व्होल्टेज आवरणाऱ्या जुन्या रेग्युलेटरचा भरवसा नाही, कधी जास्त व्होल्टेज दिलं तर उघडणारीत पाणी तरी भरता येते.

एक दोघांनी सांगितलं की ट्रॅक्टरची टाक, कधीच डाउन होणार नाही. नका टाकू. ट्रेमधे नीट बसत नाही, क्लॅम्प लागत नाही, हादऱ्याने प्लेटा खराब होतात, आणि गळती असेल तर मोठी बॅटरी फक्त उशिरा मरते, वर एकदा उतरली की आपला छोटा डायनामो तिला भरता भरता थकते. दोन हेडलाइटच सात-आठ अँपिअर खातात, रात्री गावात हळू चालवताना उरते काय?

घेताना दुकानातच मीटर लावून बघितला, 12.6 होते. पहिल्या वेळेस मी बघितलंच नव्हतं. 12.4 च्या खाली असेल तर ती दुकानात पडून राहिलेली समजा आणि सरळ दुसरी मागा. प्लस कोणत्या बाजूला ते पण बघा, मला आधी उलट्या बाजूची दिली होती, पद्मिनीची केबल तिथपर्यंत पोचतच नाही, ओढून लावली तर बॉडीला घासते.

बसवायच्या आधी इंजिन आणि चासीच्या मधातली अर्थची पट्टी काढली. वरून बरी दिसत होती, बोल्टखाली हिरवट पावडर. सँडपेपरने दोन्ही बाजू चकचकीत केल्या, स्टार्टर मारताना त्या जोडावर आधी 0.8 व्होल्ट पडत होते, आता 0.1. तेवढ्यानेच स्टार्टर जोरात फिरायला लागला, पैसा खर्च शून्य.

मार्च बरा गेला. खरी परीक्षा एप्रिल-मे. गाडी टिनाच्या शेडमधे राहायची, दुपारी त्या शेडमधे उभं राहवत नाही, मग बॅटरीचं काय होत असेल. उष्णतेत बॅटरी आपोआप पण लवकर उतरते, दर दहा डिग्रीला साधारण दुप्पट वेगाने, आणि आतल्या जाळ्या पण लवकर सडतात. म्हणून गाडी कडुनिंबाखाली हलवली, पानं पडतात, पक्षी घाण करतात, तरी सावली ती सावली. नवतपाच्या नऊ दिवसात तर गाडी काढलीच नाही, पण एक दिवसाआड झाकणं उघडून बघितली. एप्रिल ते जून मिळून तीनदा पाणी टाकावं लागलं, प्लेटांच्या वर बोटाच्या पेराएवढं ठेवतो, काठोकाठ नाही. पाणी फक्त डिस्टिल्ड. आरओचं चालते असं सांगणारे भेटतात, आपल्या बोअरच्या पाण्यात एवढे क्षार आहेत की आरओनंतर पण सगळे जात नाहीत. आणि अॅसिड कधीच टाकायचं नाही, पाणी उडते, अॅसिड आतच राहते.

निगेटिव्हवर फिरकीवाला कटऑफ स्विच बसवला, तीनशे रुपयांचा. गाडी ठेवली की बंद. इंजिन चालू असताना मात्र हात लावू नका, बॅटरी मधातून निघाली की डायनामोचं व्होल्टेज उसळते.

चार्जर साडेतीन अँपिअरचा, भरली की आपोआप बंद होणारा. बॅटरीच्या क्षमतेचा दहावा भाग, एवढाच करंट. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या चार्जरने शेजाऱ्यांनी रात्रभर लावून एक बॅटरी उकळून टाकली, सकाळी अंगणात आंबट वास. लाइन कधी जाईल कधी येईल ठिकाण नाही म्हणून पण आपोआप बंद-चालू होणाराच घ्यावा. महिन्यातून एकदा रात्री लावतो, झाकणं सैल करून, उघड्या जागेत, जवळ बिडी-काडी नाही, हायड्रोजन निघते.

पावसाळ्यात एकच त्रास, टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी. खायचा सोडा पाण्यात कालवून जुन्या ब्रशने घासलं, फेस आला, साध्या पाण्याने धुवून कोरडं केलं, घट्ट आवळून वरून व्हॅसलीन. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी, नाहीतर पाना बॉडीला लागला की ठिणगी. पोळ्याच्या दिवशी गाडी बारा दिवसांनी काढली, पहिल्याच वेळेला उठली, बाबा ओसरीवरून बघत होते, काही बोलले नाही पण चष्मा पुसून येऊन मागे बसले.

डिसेंबरच्या थंडीत सकाळी चोक ओढून दोन वेळा मारावं लागलं, एवढंच. रेग्युलेटर वर्ध्याच्या जुन्या मिस्त्रीकडून साफ करून घेतला, रेस दिल्यावर आधी 13.4 येत होते, आता 14.2.

आज सकाळी बघितलं, अठरा दिवस उभ्या गाडीत 12.55. हायड्रोमीटरवर बॅटरीच्या सहा कप्प्यांपैकी (सेल) पाच सेल 1.260 च्या आसपास, तिसरा 1.240. तो तिसरा सप्टेंबरमधे बरोबरीत होता. आज रात्री हळू चार्ज लावतो आणि आठ दिवसांनी परत मोजतो, वर आला तर ठीक, नाही आला तर एप्रिलच्या आधीच वॉरंटीचा कागद काढीन, यावेळी महिन्यावार आकडे वहीत लिहून आहेत.