जॉर्ग की सेव्हेरियन: आधी कोणाचं ऐकावं?

नावडत्या निवेदकाची फँटसी वाचायची असेल, तर दोन नावं हमखास पुढे येतात: मार्क लॉरेन्सची 'प्रिन्स ऑफ थॉर्न्स' (२०११) आणि जीन वुल्फची 'द शॅडो ऑफ द टॉर्चरर' (१९८०). दोन्ही मालिकांचे पहिले भाग, दोन्हींत 'मी' बोलतो आणि दोघेही 'मी' घरात घ्यावेत असे नाहीत.

लॉरेन्सचा जॉर्ग लहानपणी काटेरी झुडपात अडकून आई आणि भावाची हत्या बघतो. पुढे ऐन पोरवयात लुटारूंचा म्होरक्या होतो, गावं जाळतो. ते मला चालतं, क्रौर्य ही माझी तक्रारच नाही. मला खटकतं त्याच्याभोवतीचं जग. तुकडे झालेलं साम्राज्य, शंभर गादीवाले. पण तिथली माणसं काय पिकवतात, कशाला भितात, पत्ता लागत नाही. आपल्याच पृथ्वीचा हा भविष्यकाळ, ही कल्पना झकास आहे, तीही ओझरतीच येते. म्हणून एक अख्खा किल्ला माणसांसकट उडतो तेव्हा काळजात काही हलत नाही. तिथे कोण राहत होतं, हे धड दाखवलेलंच नसतं.

वुल्फचा सेव्हेरियन यातना देणाऱ्यांच्या संघात वाढलेला. आपण काहीच विसरत नाही असं सांगतो आणि सोयीचं तेवढंच बोलतो. बायकांबद्दलचं त्याचं बोलणं तर डोक्यात जातं. पण त्याचं जग बघा, तेही आपल्याच पृथ्वीच्या फार पुढच्या काळातलं. त्याच्या तलवारीच्या पात्यात पारा भरलेला आहे. ती उचलली की वजन मुठीकडे सरकतं, खाली आणली की टोकाकडे. एका जुन्या चित्रात वाळवंटात चिलखतधारी उभा आहे, तोंडावर सोनेरी काच, हातात ताठ झेंडा. चंद्रावरचा माणूस! सेव्हेरियनला ते कळत नाही, आपल्याला कळतं. असं जग असलं की निवेदकावर विश्वास नसला तरी वाचक अडत नाही.

ठाणे-सीएसएमटी प्रवासात उभ्याने वाचायचं असेल तर लॉरेन्स घ्या: प्रकरणं छोटी, वेग जबर. मात्र सुरुवातीलाच लूट आणि बलात्काराचे उल्लेख आहेत. वुल्फला खिडकीची जागा आणि शब्दकोश लागतो, तरी माझं मत त्यालाच. फक्त दुसरा भागही सोबत घ्या, पहिला नेसस शहराच्या वेशीवर मध्येच थांबतो.