दहावीनंतर संगणक: आयटीआयचा कोपा की पॉलिटेक्निकचा डिप्लोमा?

दहावीनंतर अकरावीला न जाता संगणक शिकायचा, असे ज्यांचे ठरले आहे, त्यांच्यापुढे प्रामुख्याने दोन मार्ग उरतात: आयटीआयमधील एका वर्षाचा कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट) ट्रेड आणि पॉलिटेक्निकमधील तीन वर्षांचा डिप्लोमा. अकरावी-बारावीचे बायफोकल, म्हणजे नेहमीच्या विषयांसोबत घेतला जाणारा व्यावसायिक विषय, मी येथे बाजूला ठेवतो, कारण तेथील सारे लक्ष शेवटी प्रवेश परीक्षेकडेच लागलेले असते. मी स्वतः माहिती तंत्रज्ञान शाखेतून, जुन्या आय स्कीममध्ये (तंत्रशिक्षण मंडळाच्या आधीच्या अभ्यासक्रमात), डिप्लोमा केला आहे. तेव्हा पुढील मते त्या हिशेबानेच वाचावीत.

हात लवकर बसण्याच्या बाबतीत कोपा उजवा आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. ऑफिस, नेटवर्किंग, डेटाबेस, एचटीएमएल, जावास्क्रिप्ट असे सारे एका वर्षात हाताखालून जाते आणि दिवसाचा बराच भाग प्रात्यक्षिकातच जातो. याउलट आमचे पहिले सेमिस्टर बेसिक सायन्स आणि बेसिक मॅथ्स यांतच अडकले. सी भाषेची गाठ पडली ती दुसऱ्या सेमिस्टरमध्ये. त्यातही संगणकावर व्यवस्थित चाललेला प्रोग्रॅम पुन्हा पेनाने मॅन्युअलमध्ये, म्हणजे प्रात्यक्षिकाच्या वहीत, उतरवायचा, महिरपी कंसांच्या जोड्या जुळल्या की नाही ते डोळ्यांनी तपासायचे आणि सहीसाठी रांगेत उभे राहायचे, हा प्रकार मला शेवटपर्यंत रुचला नाही.

तरीही मी डिप्लोमाकडे वळलो, त्याला कारण माझा मामेभाऊ. माझ्या आधी त्याने कोपा पूर्ण केला होता आणि पुढे शिकायची त्याची इच्छा होती. आयटीआय करून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, हे त्याने सगळ्यांकडून ऐकले होते. परंतु ती सवलत दोन वर्षांच्या ट्रेडसाठी असते आणि कोपा एका वर्षाचा, हे त्याला अर्ज भरताना कळले. परिणामी, दहावीच्याच गुणांवर तो पहिल्या वर्षाला, स्वतःहून लहान मुलांच्या बाकावर जाऊन बसला. जावास्क्रिप्टमध्ये लूप लिहिणारा मुलगा रात्री बेसिक सायन्सची सूत्रे घोकत बसलेला मी पाहत होतो आणि त्याच सुमारास माझा अर्ज भरायचा होता. वर्ष वाया गेले असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण शिकलेले कोठे जात नाही. पण कागदोपत्री ते मोजले गेले नाही, एवढे खरे.

डिप्लोमाचे तसे होत नाही. खुल्या प्रवर्गात ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गात ४० टक्के गुण असले, की अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षासाठी पात्रता मिळते. आमच्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुले त्या वाटेने गेली असावीत, असा माझा अंदाज आहे; उरलेल्यांपैकी काहींना तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस बऱ्यापैकी कामही मिळाले.

अर्थात घरी वर्षभरात मिळकत सुरू होणे निकडीचे असेल, तर माझे म्हणणे तितके लागू पडणार नाही. कोपानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली विद्यावेतनासह ॲप्रेंटिसशिप करता येते आणि शासकीय आयटीआयचा खर्चही तुलनेने किरकोळ असतो. मात्र पुढे शिकण्याचा किंचितही विचार मनात असेल, तर तीन वर्षांची तयारी ठेवावी, असे मला वाटते.

डिप्लोमा ठरलाच, तर विकल्प भरताना केवळ संगणक अभियांत्रिकीवर अडून बसू नये. शासकीय तंत्रनिकेतनांत त्या शाखेची यादी बरीच वर बंद होते, तर माहिती तंत्रज्ञानाला कधी कधी थोड्या कमी गुणांवर जागा मिळून जाते. दोन्हींतील बरेच विषय सारखेच असतात आणि अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला जाताना आमच्यापैकी कोणाचेही शाखेवरून अडल्याचे मला आठवत नाही.