विद्यार्थी मायक्रोस्कोप, 1000 पटीचा: वर्गात वापरून पाहिल्यावर

कोथरूडला आठवी-नववीच्या मुलांना विज्ञान शिकवते. सूक्ष्मजीवांचं वर्गीकरण दरवर्षी येतं आणि मुलं तक्ता घोकून मोकळी होतात. जिवाणू, आदिजीव, कवकं, शैवाल, विषाणू. समोर आकार, केंद्रक आहे की नाही, झालं. म्हणून यंदा सदाशिव पेठेतल्या एका दुकानातून साडेसहा हजारांचा मायक्रोस्कोप घेतला. एका डोळ्याने बघायचा, खाली एलईडी दिवा, डोळ्याकडचं भिंग म्हणजे आयपीस 10 चं आणि काचेकडची भिंगं म्हणजे ऑब्जेक्टिव्ह 4, 10, 40, 100. दोन्हींचा गुणाकार केला की एकूण पट मिळते.

दुसऱ्या एका दुकानात त्याच पैशात ‘2000 पट’ असं लिहिलेला गळ्यात मारत होते. आयपीस 20 चं लावलं की आकडा फुगतो, बारकावा वाढत नाही, अंधुक तेच मोठं दिसतं. ऑब्जेक्टिव्हवर कोरलेला दुसरा आकडा बघा, भिंग किती बारकावा दाखवेल ते तो सांगतो. 40 वर 0.65 आणि 100 वर 1.25 हवा. साध्या उजेडात 0.2 मायक्रोमीटरपेक्षा (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जवळचे दोन ठिपके वेगळे दिसतच नाहीत, मग डब्यावर काहीही छापलेलं असो.

मुलांनी खरी गर्दी केली ती पॅरामेशियमसाठी. पाषाण तलावाच्या काठचं हिरवट पाणी बरणीत घेतलं, त्यात वाळलं गवत टाकलं आणि आठवडाभर ठेवलं. 100 पटीतही ते चपलेच्या तळव्यासारखे आदिजीव सुसाट पळतात, दृष्टीत ठरत नाहीत. थेंबात कापसाचे चार तंतू सोडा, त्यात अडकतात. मग 400 पटीत कडेचे केस हलताना दिसतात आणि आत एक गोल पोकळी फुगते, मिटते, पुन्हा फुगते. ‘मॅडम, हा श्वास घेतोय का?’ असं एका मुलीने विचारलं. नाही, आत शिरणारं जास्तीचं पाणी बाहेर टाकतोय. एकाच पेशीत हा सगळा कारभार चालतो, हे मुलांना तिथे कळलं.

दह्यासाठी मात्र 100 चं तेलाचं ऑब्जेक्टिव्हच लागतं, म्हणजे काच आणि भिंग यांच्यामध्ये तेलाचा थेंब ठेवून बघायचं. दह्याच्या निवळीचा पातळ थर काचेवर पसरायचा, वाळवायचा, काच ज्योतीवरून दोनदा फिरवायची, मिथिलीन ब्ल्यू हा निळा रंग मिनिटभर ठेवून धुवायचा. मग निळ्या दांड्या आणि मण्यांच्या माळा दिसतात. हे जिवाणू जेमतेम मायक्रोमीटरभर रुंद असतात, त्यांना केंद्रक नाही. शेजारी बेकरीचं यीस्ट साखरपाण्यात भिजवून ठेवलं होतं. ती कवकाची पेशी 5 ते 10 मायक्रोमीटरची, 400 पटीत अंगावर फुटलेल्या कळीसकट स्पष्ट दिसते. त्याच भिंगातून जिवाणू म्हणजे नुसते ठिपके. तक्त्यात दोघं एकाखाली एक असतात, हा फरक तिथे कळत नाही.

पावावरची बुरशी 40 पटीतही सुंदर दिसते, तंतूंच्या टोकाला काळे बीजाणूंचे गोळे. शैवालात स्पायरोगायरा शोधा, हरितलवकाची हिरवी फीत पेशीभर वळत गेलेली असते. कुंडीखालचा निळसर-हिरवा बुळबुळीत थर मात्र बहुधा शैवालाचा नसतो. नीलहरित म्हणतात ते जिवाणूच, केंद्रक नसलेले.

विषाणू यातून दिसणार नाही, दुकानदार काहीही सांगो. करोनाचा कण साधारण 100 नॅनोमीटरचा, म्हणजे 0.1 मायक्रोमीटरचा, त्याला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. 2020 मध्ये आपल्याच पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने तसा फोटो काढला होता. मी तो फोटो वर्गात लावते.

आता दोष. बारीक फोकसचा स्क्रू ढिला आहे, 100 वर असताना चित्र आपोआप सरकतं. काच धरणाऱ्या क्लिपा कमजोर आहेत, आणि काच हलवायला स्क्रू नाहीत, बोटांनीच सरकवावी लागते. तक्रार केल्यावर दुकानाने स्क्रू आवळून दिला, पण महिन्याभरात पुन्हा तेच.

तरी शाळेसाठी किंवा घरातल्या पाचवीच्या पुढच्या मुलासाठी मी हाच घ्यायला सांगेन. परवडत असेल तर काच सरकवायचे स्क्रू असलेलं मॉडेल घ्या. घेताना तेलाची बाटली आणि भिंग पुसायचा कागद मागून घ्या. 100 च्या भिंगावर तेल वाळू दिलं तर ते भिंग कामातून गेलंच म्हणून समजा.