ओपनएसएसएल ३.०: काही महिन्यांच्या देखभालीनंतर एक तक्रार आणि तिची दुरुस्ती

दोष आधी सांगतो. ओपनएसएसएल ३.० ही संगणकांमधील संवाद सांकेतिक करून सुरक्षित ठेवणारी उत्तम लायब्ररी (इतर प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड) आहे, परंतु एखादी गोष्ट अडली की नेमके काय अडले हे तिच्याकडून वदवून घेण्यात देखभालीचा निम्मा वेळ जातो.

फोंड्यातील आमची लहानशी कचेरी गोव्यातल्या काही पतसंस्थांची हिशेबप्रणाली सांभाळते. शाखेचा संगणक मुख्य सर्व्हरशी जोडला जाताना ओळख पटवणारे आपले डिजिटल प्रमाणपत्र दाखवतो, आणि ते प्रमाणपत्र खासगी किल्लीसह एका पीएफएक्स फाइलमध्ये ठेवलेले असते. आम्ही वापरत असलेल्या ओपनएसएसएलच्या १.१.१ या आवृत्तीची मुदत ११ सप्टेंबर २०२३ रोजी संपली. त्यानंतरचे सुरक्षा-पॅच पैसे भरणाऱ्यांनाच मिळणार होते, आणि चालू आहे तेच चालू ठेवण्यासाठी खर्च मंजूर करा, असे संचालक मंडळाला सांगण्याची माझी मुळीच इच्छा नव्हती. म्हणून ३.० घेतली, आणि तेव्हापासून ती स्वतः कंपाइल करणे, चाचण्या चालवणे, नवे पॅच आले की पुन्हा तेच करणे हे काम माझ्याकडे आहे.

चवथीच्या तोंडावर, ठेवी काढणाऱ्यांची गर्दी असताना, डिचोलीच्या शाखेची फाइल उघडेना. लॉगमध्ये एवढेच होते: त्रुटी ०३०८०१०सी, डिजिटल एन्व्हलप रुटीन्स, अनसपोर्टेड. काय अनसपोर्टेड? फाइल, परवलीचा शब्द की अल्गोरिदम? प्रमाणपत्रे पुरवणाऱ्या संस्थेच्या मदतकेंद्राने तर परवलीचा शब्द पुन्हा तपासा, एवढे एकच उत्तर दिवसभर दिले.

खरे कारण समजल्यावर ते पटण्याजोगे निघाले. जुन्या पीएफएक्स फाइलींमध्ये प्रमाणपत्राचा भाग बहुधा आरसी२ या जुन्या सांकेतिकीकरण-अल्गोरिदमने, ४० बिटांची किल्ली वापरून, झाकलेला असतो; १.१.१ स्वतः फाइल तयार करतानाही हेच करत असे. ३.० मध्ये आरसी२, आरसी४, एमडी४, ब्लोफिश असे जुने अल्गोरिदम ‘लेगसी’ नावाच्या वेगळ्या प्रोव्हायडरमध्ये, म्हणजे अल्गोरिदम पुरवणाऱ्या स्वतंत्र भागात, ठेवले आहेत आणि तो आपण मागितल्याशिवाय लोड होत नाही. ४० बिटांची किल्ली आजच्या साध्या संगणकालाही फोडता येते, त्यामुळे तिला माळ्यावर टाकले हे योग्यच झाले. मात्र प्रोग्राममधून लेगसी प्रोव्हायडर स्पष्टपणे लोड केला की नेहमीचा ‘डिफॉल्ट’ प्रोव्हायडर आपोआप लोड होणे थांबते. दोन्ही नावे घेऊन मागावे लागतात. एकटा लेगसी मागितला तर आरसी२ चालतो आणि एईएस हा रोजच्या वापरातला आधुनिक अल्गोरिदम अडतो, आणि अडताना संदेश पुन्हा तोच येतो. प्रलेखनात हे लिहिलेले आहे, हे मान्य. पण रांगेत माणसे उभी असताना प्रलेखन शांतपणे कोण वाचतो?

माझे मत इथून थोडे बदलले. लायब्ररीच्या त्रुटी प्रत्येक थ्रेडच्या (प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या कामाच्या धाग्याच्या) स्वतंत्र रांगेत साठतात; रांगेत १६ जागा असतात आणि ती भरली की सर्वांत जुनी नोंद पुसली जाते. प्रत्येक नोंदीबरोबर जादा मजकूरही ठेवता येतो. आमच्या फाइलच्या नोंदीत ‘आरसी२-४०-सीबीसी’ हे नाव स्पष्ट लिहिलेले होते! परंतु वर्षानुवर्षे सर्वत्र वापरले जाणारे ईआरआर_एरर_स्ट्रिंग हे फंक्शन फक्त सांकेतिक क्रमांकाचे वाचनीय रूप देते आणि जादा मजकूर सोडून देते. ३.० मधील ईआरआर_गेट_एरर_ऑल वापरले की तो हाती येतो. म्हणजे माहिती होती, ती मागण्याची वाट बदलली होती. आमच्या प्रणालीत हा बदल केल्यापासून शाखेतून फोन आला की कारण लॉगमध्येच सापडते.

दुसरी दुरुस्ती अधिक मूलभूत आहे. क्रिप्टोग्राफीत काही ठिकाणी गप्प राहणे हाच सुरक्षेचा भाग असतो. १९९८ साली डॅनियल ब्लाइखेनबाखर यांनी दाखवले की आरएसए या सांकेतिकीकरण-पद्धतीतील जुने पॅडिंग (संदेशाला ठराविक लांबी देण्यासाठी जोडलेला भरणा) वापरणारा सर्व्हर ‘पॅडिंग चुकीचे आहे’ एवढे जरी वेगळे कळवत असला, तरी त्या उत्तरांच्या आधारे हल्लेखोर मूळ संदेश उलगडू शकतो. म्हणूनच ३.२ पासून अशा उलगड्यात पॅडिंग चुकले तर लायब्ररी त्रुटी न देता निरर्थक मजकूर परत करते. हे समजल्यावर तिच्या अबोलपणावर सरसकट चिडणे मी सोडले. तरीही अमुक अल्गोरिदम लोड झालेला नाही, हे काही गुपित नव्हे. ते जुन्या फंक्शननेही सांगायला हरकत नव्हती, हे माझे म्हणणे कायम आहे.

स्वतःच्या प्रतीत तेवढा बदल करून मोकळे व्हावे, असा मोह झाला होता. पण डेबियन या लिनक्स-आधारित संचालन प्रणालीचे उदाहरण आठवले. २००६ मध्ये तपासणी-साधनाचा एक इशारा बंद करण्यासाठी डेबियनच्या ओपनएसएसएल-प्रतीतील काही ओळी काढल्या गेल्या, त्यामुळे यादृच्छिकतेचा स्रोत जवळजवळ प्रक्रिया-क्रमांकापुरता उरला, आणि २००८ पर्यंत तयार झालेल्या असंख्य किल्ल्या सुमारे ३२ हजार शक्यतांमधून ओळखता येण्याजोग्या झाल्या. लहान कचेरीने असला खासगी पॅच सांभाळू नये. मी प्रलेखनातील एक स्पष्टीकरण मूळ प्रकल्पाकडे पाठवले. क्षुल्लक बदल वगळता योगदानकर्त्याला करारपत्र भरून द्यावे लागते, प्रकल्पातील दोन तपासणाऱ्यांची संमती लागते, आणि ती मिळाल्यावरही २४ तास थांबावे लागते. आरंभी हा सरकारी खाक्या वाटला. परंतु तपासणाऱ्याने माझ्या एकाच वाक्यातील संदिग्धता ज्या चिकाटीने काढून टाकायला लावली, ती पाहता एवढी सेवा फुकट मिळते याचे आश्चर्य वाटते.

३.० ची मुदत ७ सप्टेंबर २०२६ रोजी संपते, तर एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या ३.५ ला एप्रिल २०३० पर्यंत आधार आहे. त्यामुळे पुढचा मुक्काम तोच. सर्व शाखांच्या फाइली एईएसमध्ये पुन्हा बांधल्या आणि सर्व्हरवरचा लेगसी प्रोव्हायडर बंद केला. अपवाद साखळी गावच्या शाखेतील एका जुन्या संगणकाचा. नव्या पद्धतीची फाइल त्याला वाचता येत नाही, पण तो तक्रार मात्र परवलीचा शब्द चुकल्याची करतो. त्याच्यासाठी मी अजून ‘-लेगसी’ पर्याय देऊन वेगळी फाइल बनवतो, आणि नवा संगणक घेण्याचा प्रस्ताव संचालक मंडळापुढे पडून आहे.