गुऱ्हाळावर एचपी २००एलएक्स आणि ऑक: एका हंगामाच्या वापरानंतर

दुरुस्तीवाल्याशी भांडून मशीन परत आणलं, तेव्हाच ठरवलं की यावर सविस्तर लिहायचं. २००एलएक्स म्हणजे एचपी कंपनीचा तळहातावर मावणारा छोटा संगणक, आणि ऑक ही त्यावर मी चालवतो ती छोटी प्रोग्रॅमिंगची भाषा. १९९४ चं मशीन, रॉममध्ये (कायमच्या मेमरीत) डॉस ५ ही जुनी ऑपरेटिंग सिस्टीम, आत लोटस १-२-३ हा हिशेबाच्या तक्त्यांचा प्रोग्रॅम, आणि १९९९ नंतर कंपनीने बनवणं बंद केलं, एवढी ओळख पुरे. मी ते छंद म्हणून कपाटात ठेवायला घेतलेलं नाही. करवीर तालुक्यात आमचं घरचं गुऱ्हाळ आहे. तिथं हंगामभर रोज ते माझ्या हातात होतं.

आधी भांडणाचं सांगतो. उघडझाप करून बिजागरीजवळ झाकणाला चीर गेली. या मॉडेलचं हे जुनंच दुखणं आहे. शहरातल्या एका दुकानात टाकलं. मशीनच्या पाठीवर मी चिठ्ठी चिकटवली होती: दोन्ही प्रकारचे सेल एकाच वेळी काढू नका. कारण याचा सी ड्राइव्ह, म्हणजे फायली साठवायची जागा, निव्वळ रॅम आहे: वीज असेपर्यंतच टिकणारी मेमरी. दोन पेन्सिल सेल काढले तर बटणासारखा सीआर२०३२ सेल ती रॅम जिवंत ठेवतो. दोन्ही काढले की सगळं साफ. दुकानदाराने दोन्ही काढले, आठवडाभर तसंच टेबलावर ठेवलं, चीर फेविक्विकने चिकटवली आणि पूर्ण पैसे मागितले. वर म्हणाला, ‘साहेब, डेटाची जबाबदारी आमची नसते.’ चिठ्ठी डोळ्यांसमोर असताना हे ऐकून घ्यायचं? मी एक रुपया दिला नाही. फेविक्विक चार दिवसांत सुटलं.

हिशेब वाचला, कारण रोज रात्री मी फायली ए ड्राइव्हवर, म्हणजे अडॅप्टरमध्ये बसवलेल्या छोट्या कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डावर उतरवतो. कार्डाला सेल लागत नाही. हे मशीन घेणाऱ्याने पहिल्या दिवसापासून ही सवय लावून घ्यावी.

आता मूळ विषय. आमच्याकडे शेतकरी आपला ऊस घेऊन येतात. कुणाचं किती वजन आलं, कितवं आदण (काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, एका वेळी उकळलेला रस), किती रवे (गुळाच्या ढेपा) पडले, गूळ किती भरला, याची प्रत्येक आदणाला एक ओळ. त्यावरून शेवटी उतारा, म्हणजे उसाच्या वजनामागे पडलेला गूळ, काढायचा आणि गाळपाचा हिशेब द्यायचा. टनाला शंभर-सव्वाशे किलोच्या आसपास गूळ पडतो, पण प्रत्येकाला आपला उतारा शेजाऱ्यापेक्षा कमी का, हे जाणून घ्यायचं असतं, आणि ते लगेच सांगता आलं पाहिजे. वही होतीच. मोबाईलवरही करून बघितलं. काहिलीशेजारी वाफ, हाताला काकवी; ओल्या चिकट बोटाला स्क्रीन दाद देत नाही. तीनशे अठ्ठ्याण्णव दाबावं तर तीन हजार काहीतरी उमटतं. आमचा गुळव्या (गूळ शिजवणारा) एकदा वैतागून म्हणाला, ‘आण्णा, त्यो मोबाईल ठेवा की बाजूला, रवं मोजायचं ऱ्हायल्यात.’

२००एलएक्सला उजव्या बाजूला आकड्यांचा स्वतंत्र कीपॅड आहे. लोक याच्या प्रोसेसरबद्दल बोलतात, लोटसबद्दल बोलतात, या कीपॅडबद्दल कुणी बोलत नाही याचं मला नवल वाटतं. एचपीच्या जुन्या कॅलक्युलेटरसारखीच बटणं आहेत: दाबलं की बोटाला ‘टिक’ जाणवतं, न बघता आकडा बसतो. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकाराची चिन्हंही तिथेच. म्हणून मी रकाने जागा सोडून नव्हे, तर भागाकाराच्या तिरक्या रेघेने तोडतो. शेतकऱ्याचा नंबर, रेघ, आदण, रेघ, उसाचे किलो, रेघ, रवे, रेघ, गुळाचे किलो. एंटर तेवढी शेजारी आहे, बाकी पूर्ण ओळ एका हाताने, नजर काट्यावर ठेवून भरते. मधल्या हंगामात पाचाचं बटण काकवीने जड झालं. ओल्या फडक्याने कडेकडेने पुसलं, पुन्हा मोकळं.

सुरुवातीला मी लोटसवरच होतो आणि ते पुरेल असं माझं मत होतं. ते बदललं. लोटस पूर्ण शीट मेमरीत घेऊन बसतं. महिनाभराच्या नोंदी झाल्या की डॉसच्या ६४० केबी मेमरीत ते जड व्हायला लागतं. मग स्क्रिप्टिंगकडे, म्हणजे छोटे प्रोग्रॅम स्वतः लिहिण्याकडे, वळलो. पर्ल ५ या भाषेची डॉसवरची बांधणी ३८६ प्रोसेसर मागते. इथं आहे ८०१८६ च्या घराण्यातला, ७.९१ मेगाहर्ट्झचा. म्हणून ऑक. बेल लॅब्समध्ये १९७७ साली आहो, वाइनबर्गर आणि कर्निगन यांनी केलेली ही भाषा. मी तिचं माइक ब्रेनन यांनी लिहिलेलं रूप, मॉक, वापरतो, जुनी १६ बिटांची डॉस आवृत्ती.

ऑक माझ्या कामाला का बसलं, ते नीट सांगतो. ते फाइल एकदम उचलत नाही. एक ओळ वाचतं, तिचे रकाने पाडतं, सांगितलेलं काम करतं आणि ओळ सोडून देतं. शेतकऱ्याचा नंबर हाच ॲरेचा (मेमरीतल्या यादीचा) निर्देशांक धरून त्यात ऊस आणि गूळ मिळवत जायचं. शेवटी एंडच्या, म्हणजे सगळ्या ओळी संपल्यावर चालणाऱ्या, भागात भागाकार करून उतारा छापायचा. म्हणजे मेमरी लागते शेतकऱ्यांच्या संख्येइतकी, ओळींच्या नाही. पूर्ण प्रोग्रॅम स्क्रीनच्या निम्म्या भागात मावतो. रवे आहेत पण गुळाचं वजन शून्य, अशी ओळ दिसली की ओळ क्रमांकासह ओरडायचं, हे आणखी एका ओळीत होतं. वहीत अशी चूक महिन्याने सापडायची.

अडचणी आहेत. युनिक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या पुस्तकांत एकेरी अवतरणात प्रोग्रॅम देऊन चालवायची उदाहरणं असतात, ती डॉसवर चालत नाहीत. डॉसला एकेरी अवतरण कळतच नाही. प्रोग्रॅम फाइलमध्ये ठेवून, तो तिथून घे असं सांगणारं डॅश एफ (-f) द्यायचं आणि सगळं एका अक्षराच्या नावाच्या बॅच फाइलमध्ये (आज्ञा साठवलेल्या फाइलमध्ये) बांधायचं. महिरपी कंसासारखी चिन्हं एफएन की धरून उमटवावी लागतात, म्हणून लांब लिखाण मी घरच्या लॅपटॉपवर करतो आणि कार्डावरून आणतो. देवनागरी नाहीच, शेतकऱ्यांची नावं लॅपटॉपवरच्या यादीत, इथं फक्त नंबर.

वेग हे खरं दुखणं. ऑक प्रत्येक आकडा दशांशाचा म्हणून धरतं आणि या प्रोसेसरला त्यासाठी वेगळी चिप नाही, सगळी गणितं सॉफ्टवेअरमधून. किलोऐवजी ग्रॅम करून पूर्णांक दिले तरी फरक पडत नाही, आत ते दशांशच राहतात. पूर्ण हंगामाची फाइल चालवली तर शेतकरी समोर ताटकळतो. उपाय साधा निघाला: रोज संध्याकाळी दिवसाची फाइल चालवून प्रत्येक शेतकऱ्याची एक बेरीज-ओळ दुसऱ्या फाइलला जोडायची, आणि हंगामाचा हिशेब त्या छोट्या फाइलवरून. आता उत्तर समोरच्याने तंबाखू मळेपर्यंत येतं.

सेलचा खर्च मला फार सलायचा. आता रिचार्जेबल जोड्या वापरतो. सेटअपमध्ये सेलचा प्रकार बदलून घ्यावा लागतो, नाहीतर १.२ व्होल्ट बघून मशीन पहिल्या दिवसापासून सेल संपल्याची तक्रार करतं. स्क्रीनला मागून उजेड नाही. पहाटेच्या आदणाला बल्ब डोक्यावर हवा. पण त्याच कारणाने सेल पुरतात, तेव्हा त्याबद्दल माझी तक्रार नाही.

बिजागरी शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरात झाली. लेथवर काम करणाऱ्या एका मामांनी मशीन उलटंपालटं करून बघितलं, सेलला हात न लावता आतून पातळ पितळी पट्टी बसवली, वरून इपॉक्सी, आणि दुकानदाराने मागितले होते त्याच्या पाव पैशात दिलं. काम असं की झाकण आता पूर्वीपेक्षा घट्ट उभं राहतं.

जुनं घेणार असाल तर बिजागरीची चीर आणि सेलच्या कप्प्यातला पांढरा-हिरवा गंज आधी बघा, आणि कीपॅडचं प्रत्येक बटण दाबून बघा. कोल्हापूर-सांगली भागात कुणाकडे बंद पडलेलं २००एलएक्स असेल तर मला हवं आहे. स्क्रीन फुटलेली चालेल, कीपॅड शाबूत पाहिजे.