पाडव्याला घरी आणलेली पुरातली गाडी

बडोद्यात किंवा आसपास जुनी गाडी घ्यायच्या विचारात असाल, तर टोकन देण्याआधी हे वाचा. मी ३ लाख ९० हजार रुपये मोजून जी गाडी घरी आणली, ती ऑगस्ट २०२४ च्या पुरात तीन दिवस पाण्यात बुडालेली होती. हे मला कळायला तीन महिने लागले. तोवर माझी ७८ वर्षांची आई त्या गाडीच्या पुढच्या सीटवर बसून निदान वीस वेळा फिजिओथेरपीला जाऊन आली होती. पैसे गेल्याचं दुःख आहेच. पण त्या वीस खेपा आठवल्या की अजून अंगावर काटा येतो. त्याचं कारण पुढे येईलच.

तो पूर बडोदेकर विसरणार नाहीत. पाऊस थांबत नव्हता, आजवा तलावाचं पाणी येत होतं आणि विश्वामित्री नदी २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली. समा, फतेगंज, अकोटा, मुजमहुडा, कुठे कुठे पाणी शिरलं ते सगळ्यांनी पाहिलंय. रस्त्यावर मगरी आल्या, लष्कर बोलवावं लागलं. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात पाणी आलं नाही, म्हणून आम्ही देवाचे आभार मानले. सोसायट्यांच्या तळघरांत ज्या गाड्या बुडाल्या, त्या पुढे कुठे गेल्या असतील, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही. मार्च २०२५ मध्ये गाडी बघायला निघालो तेव्हाही आला नाही.

हायवेकडच्या एका डीलरकडे २०१९ ची पेट्रोल गाडी होती. एकच मालक, ४१ हजार किलोमीटर, मालक मुलाकडे कॅनडाला गेलेला. बडोद्यात दर दुसऱ्या घरातलं कोणीतरी कॅनडाला असतं, त्यामुळे शंका घ्यावी असं त्यात काही वाटलं नाही. भाव बाजारापेक्षा पन्नासेक हजारांनी कमी होता. त्याचं कारणही तयार होतं, मालकाला घाईनं निकाल लावायचाय. सीट कव्हरं नवी, खाली नव्या मॅट, दोन्ही हेडलाइट काचेसारखे लख्ख, आत सुगंधी डबी. "काका, गाडी टनाटन छे," असं तो चारदा म्हणाला. "पाडव्याला घरी न्या."

३० मार्चला पाडवा होता. आम्ही संध्याकाळी गेलो, इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं होतं. बँकेतून ३ लाख ५० हजार दिले. ४० हजार त्यानं रोख मागितले आणि त्याची पावती दिली नाही. घरी आल्यावर हिनं गाडीला हळदकुंकू लावलं, गल्लीत पेढे वाटले.

पहिले पंधरा दिवस सुरळीत गेले. मग रात्री अडीचला सेंट्रल लॉक आपोआप उघडून-लागून खडखड करायला लागलं. तीन दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ घ्यायची नाही. एसीचा ब्लोअर मध्येच बंद पडायचा आणि खड्डा आला की पुन्हा चालू व्हायचा. जवळच्या गॅरेजात नेली. त्यांनी बॅटरी बदलली, ४,८०० रुपये. फरक पडला नाही. मग डायनामो खोलून दुरुस्त केला, ३,५००. मग लॉकचं मॉड्यूल, २,६००. दर वेळी गाडी आठवडाभर बरी चालायची आणि आम्हाला वाटायचं, सापडला दोष. त्या गॅरेजवाल्याला मी लबाड म्हणणार नाही. जे बिघडलेलं दिसलं ते तो बदलत गेला. एकमेकांशी काही संबंध नसलेल्या तीन-चार गोष्टी एकदम बिघडल्या, तर त्या सगळ्यांच्या मागे एकच कारण शोधायला हवं, हे त्याला सुचलं नाही. मलाही सुचलं नाही.

जूनच्या पहिल्या जोरदार पावसात अकोटा-दांडिया बाजार पुलावर गाडी मधोमध बंद पडली. आई शेजारी बसलेली. हॉर्न वाजेना, हॅझर्ड लागेना, काच खाली होईना. मागून येणाऱ्यांना गाडी बंद आहे हे कळायला काही मार्ग नव्हता. दोन कॉलेजच्या मुलांनी भिजत गाडी ढकलून पुलावरून खाली आणली. आई काही बोलली नाही, नुसती माझा हात धरून बसली होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या एकानं नवापुऱ्यातल्या एका वायरमनचं नाव सांगितलं. वय सत्तरीकडे, घराण्यानं मराठी, काम फक्त वायरिंगचं. त्यांच्याकडे दोन तास बसलो आणि त्या दोन तासांत जे पाहिलं ते सविस्तर लिहितो, कारण गाडी घेण्याआधी यातलं निम्मं कोणालाही स्वतः बघता येईल.

त्यांनी आधी कोणताही पार्ट खोलला नाही. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी बॉडीच्या उघड्या पत्र्याला लावली आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. काटा १.१ व्होल्टवर गेला. "हा पाव व्होल्टच्या आत पाहिजे, भाऊ. अर्थिंग गंजानं खाल्लंय." मग गाडी बंद करून, दारं लावून, बॅटरीच्या तारेत मीटर जोडून अर्धा तास थांबले. गाडी झोपलेली असताना ५० मिलिअँपियरच्या आत करंट जायला हवा, इथे ४०० जात होता. त्यांनी पाटीवर हिशेब मांडला. ३५ अँपियर-अवरची बॅटरी, सतत ०.४ अँपियर, म्हणजे ८७ तासांत पूर्ण रिकामी. त्याच्या बऱ्याच आधी सेल्फ घ्यायची बंद होणार. तीन दिवस उभी राहिली की गाडी का मरायची, याचं उत्तर त्या दोन ओळींत होतं. नवी बॅटरी टाकून ते बदलणार नव्हतंच.

मग म्हणाले, "किल्ली ऑन करा, सेल्फ मारू नका. आता डॅशबोर्डवरच्या मीटरकडे बघा." इंजिनचा दिवा लागला, ऑइलचा लागला, बॅटरीचा, एबीएसचा. "एअरबॅगचा कुठाय?" तो लागलाच नव्हता. किल्ली ऑन केल्यावर हे सगळे दिवे काही सेकंद लागायलाच हवेत. गाडी त्यांची चाचणी घेते आणि सगळं ठीक असेल तर एकेक विझतो. दिवा विझत नसेल तर बिघाड आहे, हे आपल्याला माहीत असतं. दिवा मुळात लागतच नसेल तर तो लपवलाय, हे मला माहीत नव्हतं. त्यांनी मीटर खोललं. त्या दिव्याची एलईडी उपटून काढलेली होती, बाजूला डागकामाचा ताजा डाग. स्कॅनर लावला तर एअरबॅगच्या मॉड्यूलकडून उत्तरच येईना. ते मॉड्यूल बहुतेक गाड्यांत दोन सीटच्या मध्ये, फरशीवर असतं. पाणी शिरलं की आधी बुडणाऱ्या भागांत ते असतं. वीस खेपा आई ज्या सीटवर बसली होती, तिच्यासमोरची एअरबॅग मेलेली होती आणि हे कोणीतरी हातानं, विचार करून लपवलं होतं.

हे त्यांनी सांगितल्यावर मी काही वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो.

परत आलो तेव्हा त्यांनी डावीकडच्या पायाशी असलेली प्लास्टिकची पट्टी काढून ठेवली होती. आतल्या कनेक्टरच्या पिना हिरव्या पडलेल्या. मग नवी मॅट, तिच्याखालचं कार्पेट आणि त्याखालचा फोम उचलला. फोमच्या खालच्या अंगाला पिवळट राखाडी गाळ वाळून पापुद्र्यासारखा चिकटला होता. सीटबेल्ट त्यांनी हळूहळू शेवटपर्यंत ओढला. रोज वापरात येणारा भाग स्वच्छ धुतलेला, शेवटची वीतभर पट्टी मातकट, आणि त्यावर आडवी स्पष्ट रेघ. बेल्ट गढूळ पाण्यात बुडाल्याची ती खूण. सीट ज्या रुळांवर सरकते त्यांच्या बोल्टांना गंज, स्टेपनीच्या खड्ड्यात कोपऱ्यात रेती. हेडलाइट दोन्ही नवे का, तेही तेव्हा कळलं. जुन्यांच्या आत पाण्याची रेघ राहते, ती पुसता येत नाही. पाच वर्षांच्या गाडीचा एक हेडलाइट नवा असेल तर कुठेतरी ठोकर लागली असेल. दोन्ही एकदम नवे असतील तर कारण विचारा.

घरी येऊन कागदांची फाइल काढली. जानेवारी २०२४ ची जुनी विमा पॉलिसी होती, फुल, आणि नो क्लेम बोनस ५० टक्के. हा बोनस २०, २५, ३५, ४५ असा चढत ५० वर जातो, म्हणजे पाच वर्षं एकही क्लेम नाही. आणि त्याच्याच मागे जानेवारी २०२५ ची पॉलिसी, फक्त थर्ड पार्टी. पाच वर्षं इतक्या काळजीनं गाडी सांभाळणाऱ्या माणसानं स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता निम्मा होत असताना फुल विमा सोडून थर्ड पार्टी का घ्यावी? हे दोन कागद पाडव्याला माझ्या हातात होते. मी फक्त तारीख संपलेली नाही ना, एवढंच पाहिलं होतं.

जुन्या आरसीवर समा भागातला पत्ता होता. रविवारी तिथे गेलो. कॅनडाला गेलेले मालक घरीच होते. साठीचे गुजराती गृहस्थ, निवृत्त. मी कोण ते सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला. त्यांनी मोबाइलमधला फोटो दाखवला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तपकिरी पाणी, त्यातून गाडीचं फक्त छत आणि काचांचा वरचा भाग दिसतोय. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा-किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी टोटल लॉस धरते, तसंच झालं होतं. त्यांना पैसे मिळाले, गाडी भंगार म्हणून लिलावात गेली. कोणीतरी येऊन गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या २९ आणि ३० नंबरच्या कोऱ्या फॉर्मवर त्यांच्या सह्या घेऊन गेलं. खरेदीदाराचं नाव तिथे रिकामंच होतं. "मने एम के पार्ट्स माटे जशे," ते म्हणाले. गाडी सुट्या भागांसाठी जाईल असं त्यांना वाटलं होतं. तशी जाणार असेल तर आरसी रद्द करून घ्यायला हवी होती, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. तुमची स्वतःची गाडी टोटल लॉसमध्ये जात असेल तर कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, आणि आरसीचं पुढे काय होणार ते कंपनीकडून लेखी घ्या. नाहीतर ती गाडी तुमच्याच नावावर फिरत राहते.

डीलरकडे गेलो तेव्हा सोबत मेव्हणा होता, फोटो होते, वायरमननं लिहून दिलेला कागद होता. "काका, तमे जोईने लीधी छे ने." तुम्ही बघूनच घेतलीत ना, एवढंच उत्तर. विक्रीच्या कागदावर बारीक अक्षरात 'जशी आहे तशी' असं लिहिलेलं होतं, त्यावर बोट ठेवलं. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरनं आरटीओकडून अधिकृततेचं प्रमाणपत्र घ्यायचा नियम आहे. ते दाखव म्हटल्यावर तो आत गेला आणि बाहेर आलाच नाही. हे प्रमाणपत्र टोकन देण्याआधी मागायचं असतं. मी पैसे देऊन तीन महिन्यांनी मागितलं.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. काय करायचं ते कळत नसेल तर आधी १९१५ वर फोन करा. माझ्याकडे बँकेचा व्यवहार, गाळाचे फोटो, उपटलेल्या एलईडीचा फोटो आणि समाच्या गृहस्थांनी दिलेली क्लेमच्या पत्राची प्रत आहे. रोख दिलेल्या ४० हजारांचा पुरावा नाही. ते गेले असंच धरून चाललोय. कोणी रोख मागितलं आणि पावती द्यायला कां-कू केली तर तिथूनच उठा.

मी जाताना काय काय करायला हवं होतं, तेही सांगतो. दिवसाउजेडी जा. आदल्या दिवशी फोन करून इंजिन थंड ठेवायला सांगा, आणि पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा. किल्ली ऑन करून दिवे मोजा. बेल्ट शेवटपर्यंत ओढा, पाचही. मॅट स्वतः उचला. मालक नको म्हणाला तर चर्चा संपली. एखादा वायरमन बरोबर न्या, पाचशे-हजार रुपये घेईल. स्कॅनर लावला तर फक्त एरर आहे का एवढंच बघू नका. एरर पुसता येते. नुकतीच पुसली असेल तर गाडीच्या आतल्या तपासण्या स्कॅनरवर अपुऱ्या दिसतात, तसं आहे का ते वायरमनला विचारा. आणि आरसीवरच्या मूळ मालकाशी बोलल्याशिवाय पैसे देऊ नका. आम्हाला तो माणूस गाडीनं पंधरा मिनिटांच्या अंतरावर होता.

दिवाळीच्या आधी एक दलाल आला होता. २ लाख ४० हजार देतो, गाडी राजस्थानात जाईल, तुम्ही काही बोलायचं नाही. त्याला वाड्याच्या दारातूनच परत पाठवलं. गाडी आत उभी आहे, बॅटरीची तार काढून ठेवली आहे, कार्पेट तसंच उचललेलं आहे, कारण आयोगाकडून कोणी बघायला आलं तर गाळ जागेवर दिसायला हवा. आईला रिक्षानं नेतो. समाच्या गृहस्थांनी प्रतिज्ञापत्रावर सही करून दिली आहे. सही करण्याआधी त्यांनी तो कागद तीनदा वाचला, रिकामी जागा कुठे राहिली नाही ना ते बोटानं तपासलं, आणि मगच पेन उचललं.